कालचा बीपी

निकाल लागले की नारायणगुड्याच्या माझ्या दवाखान्यात पेशंटांच्या मधे मधे आपली मराठी मंडळी येऊन बसतात. आई असते, सोबत मुलगी असते. मुलगी गप्प, बोलते ती आई. "हिला मेडिकलला मिळतंय हो, पण लोक फार घाबरवतात. इंटर्नशिपला हमालासारखं राबवतात म्हणे. त्यापेक्षा कॉम्प्युटर बरा का?" आणि मी आता "हौ, मेडिकल नक्कोच" म्हणेन म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहते.

मी आईला उत्तर देतच नाही. मुलीला विचारते, "तुला राग येतो का गं?" पोरगी गोंधळते. आईकडे बघते. मी म्हणते, "येत असेल तर जा मेडिकलला. तिथं हुशार मुली ढिगानं आहेत, रागीट कमी पडतात." आईला वाटतं बाई चेष्टा करतेय. मी चेष्टा करत नाही.

घाबरवणारे लोक मला चांगले ठाऊक आहेत. मला प्रवेश मिळाला तेव्हा ते आमच्या मलकपेठेतल्या घरी चहा पिऊन, फराळाची ताटली चाटून पुसून गेले होते. "साडेपाच वर्षं, मग पीजी, मग लग्न कधी?" आमच्या घरात डॉक्टर सोडा, कंपाउंडरसुद्धा कुणी झालेला नव्हता. आजोबा गावची शेती भावाला देऊन शहरात आलेले, बाबा सरकारी कचेरीत कारकून. मी पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत नापास झाले. काठावर वगैरे नाही, चांगली सणसणीत नापास. रडले, रडून झाल्यावर अभ्यास केला, पुरवणी परीक्षेत सुटले. तेलुगू येत नव्हतं, ते पेशंटांनी शिकवलं. "एक्कड नोप्पि?", कुठं दुखतंय, हे माझं पहिलं तेलुगू वाक्य. पुस्तकं जाड असतात, पण वाचली की संपतात. राबवतात हेही खरंय, पण राबून कुणी मरत नाही. या कशालाही घाबरू नका. घाबरायचंच असेल तर मी पुढं सांगते त्याला घाबरा.

इंटर्नशिप म्हणजे शेवटचं वर्ष, पुस्तक मिटून वॉर्डात काम करायचं. प्रत्येक विभागात ठरलेले दिवस काढायचे आणि तिथल्या मुख्य डॉक्टरांची लॉगबुकावर सही घ्यायची. सगळ्या सह्या ठरलेल्या तारखेच्या आत झाल्या तरच त्या वर्षी पीजीची परीक्षा. एक सही अडली की तारीख हुकली, तारीख हुकली की वर्ष गेलं. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होणार होते. त्याआधी मी पीजीला लागलेली त्यांना बघायची होती, आणि तसं ते कचेरीत सगळ्यांना सांगूनही बसले होते. माझी शेवटची सही उरली होती ती बाळंतपणाच्या वॉर्डातली.

चाळीस खाटा. बीपी मोजायचं चालू यंत्र एकच, आणि त्याचाही रबरी फुगा फाटका. दाबला की अर्धी हवा पट्ट्यात, अर्धी बाहेर. दुपारी दोन वाजता चाळीसही बायांचे बीपी चार्टवर हवेत. मधे रक्त काढा, रक्त पोचवा, टाके बघा, सलाईन लावा. एकेका बीपीला पाच मिनिटं धरा आणि तुम्हीच सांगा कसं जमायचं ते. तर त्यावर वॉर्डात एक रीत होती. ती कुणी शिकवत नसे, पहिल्या दिवशी बघून कळे. इंटर्ननं टेबलाशी बसायचं, चाळीस चार्ट पुढ्यात ओढायचे आणि लिहीत सुटायचं. एकशे दहा-सत्तर. एकशे वीस-ऐंशी. मधेच एखादा एकशे अठरा-शहात्तर, म्हणजे खरा वाटतो. याला आम्ही चार्ट भरणं म्हणायचो. गप्पा मारत, चहा पीत भरायचो. हौ, मीसुद्धा.

एकवीस नंबरच्या खाटेवर एक बाई आदल्या दिवशी बाळंत झालेली, पहिलटकरीण. मी घाईत जात होते तर म्हणाली, "डॉक्टरनी, सर भोत दुखरा." मी चालता चालताच म्हणाले, "नींद नहीं हुई ना, सो जाओ." आणि टेबलाशी जाऊन तिच्या चार्टवर एकशे दहा-सत्तर लिहिलं. पाच वाजता तिला झटके आले.

बाळंतपणानंतर बीपी चढला तर असे झटके येतात आणि डोकं दुखणं ही आधीची खूण, हे उत्तर मी फायनलच्या पेपरात लिहून मार्क मिळवले होते. सिस्टरनं तिला कुशीवर वळवलं, सीनियरनं इंजेक्शनं दिली, आणि मी पायथ्याशी नुसती उभी होते. तेव्हा मोजला तर बीपी एकशे ऐंशी-एकशे वीस. ती वाचली. मी वाचवली नाही, ती वाचली.

मी जिन्यात बसून रडत होते. आमचा सीनियर, तिथंच पीजी करणारा मुलगा, पाण्याची बाटली घेऊन आला. "भयपडकु," म्हणाला, म्हणजे घाबरू नको. "तुझा चार्ट व्यवस्थित आहे. दोन वाजता बीपी नॉर्मल लिहिलाय. तुला कुणी हात लावू शकत नाही." बिचारा चांगल्या मनानं बोलला. पण पोरींनो, मी त्या वाक्याला जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात कशाला घाबरले नाही. खोटं लिहिलंस म्हणून कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. इथं तर बाई मरता मरता राहिली होती, आणि माझं खोटं माझ्यावर छत्री धरून उभं होतं.

तिसऱ्या दिवशी ती उठून बसून बाळाला पाजत होती. मी खाटेच्या कडेला टेकले आणि सांगून टाकलं, "उस दिन मैं आपका बीपी नापी नहीं. झूठ लिख दी." वाटलं, आता आरडाओरडा होईल, नवऱ्याला बोलावेल. तिनं बाळ दुसऱ्या अंगाला घेतलं. "मेरेकु मालूम है ना," म्हणाली. "पट्टा कब बांधे तुम?" मग मोकळा झालेला दंड माझ्यापुढं केला. "अब बांधो."

मी बांधला. खात्रीसाठी दोनदा मोजला. एकशे चाळीस-नव्वद आला, तोच लिहिला. त्या दिवशी ठरवलं, मोजीन तेवढंच लिहीन. जिचा जमणार नाही तिच्या रकान्यात सरळ "नॉट टेकन", घेतला नाही.

पहिल्या दिवशी चाळिसातले बावीस जमले. अठरा ठिकाणी नॉट टेकन. दुसऱ्या दिवशी चोवीस. कोठी भागातल्या सर्जिकलच्या दुकानातून मी नवा रबरी फुगा आणून बसवला, तेव्हा कुठं तीसपर्यंत पोचले. बरोबरीचे इंटर्न वैतागले, कारण माझ्या चार्टशेजारी त्यांचे चार्ट फारच गोजिरे दिसायला लागले. "दीडशहाणी आहेस," एक मैत्रीण म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची, तू कशाला उघडतेस?" मी म्हटलं, मुठीत काही आहे का ते तरी बघू.

आणि नेमकी कॉलेजच्या तपासणीची तारीख लागली. युनिटच्या मोठ्या मॅडमनी वॉर्डाच्या फायली मागवल्या. मला बोलावणं आलं. मॅडमचा दरारा असा की पंख्याखाली बसलेली माणसंसुद्धा घाम पुसायची. त्या इंग्रजीत बोलल्या, मी आपल्या भाषेत सांगते. "हे काय? एका दिवशी अठरा बायांना बीपीच नाही? बाहेरचे लोक हे वाचणार?" कोरे चार्ट माझ्यापुढं सरकवले. "सगळे नव्यानं लिही. रकाने भरलेले पाहिजेत. उद्या अकरा वाजता घेऊन ये, तुझ्या लॉगबुकावर सही करते. नाहीतर महिनाभर इथंच राहा." महिनाभर म्हणजे काय ते त्यांनाही माहीत होतं, मलाही.

घरी जेवताना मी बाबांना सांगितलं. त्यांचा घास हातात तसाच राहिला. "अगं, आकडाच तर आहे," म्हणाले. "लिही आणि मोकळी हो. पुढं मोठी डॉक्टर झालीस की वाग हवं तेवढं सरळ. तुझ्या एकटीनं काय जग सुधारणार आहे?"

"बाबा, जग खड्ड्यात गेलं. तुम्हाला उद्या भरती केलं आणि माझ्यासारख्या कुणी तुमचा बीपी टेबलावर बसून लिहिला तर?"

"मला काही होत नाही. तू वर्ष घालवू नकोस." आणि ताट सारून उठले. बाबा अन्न टाकून कधी उठत नाहीत. मी त्यांच्या ताटातली भाजी बघत बसले आणि मला खरंच वाटलं, लिहून टाकावं. आकडेच तर भरायचे. पंधरा मिनिटांचं काम.

सकाळी मी कोरे चार्ट घेऊन बसले. पहिल्या चार्टवर नाव लिहिलं, तारीख लिहिली, बीपीच्या रकान्याशी पेन आलं, आणि मला तो पुढं केलेला दंड दिसला. मी टोपण लावलं.

अकराला मी ते चार्ट तसेच नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवले. त्यांनी उलटून बघितले. "लिहिलं नाहीस?"

"मॅडम, कालचा बीपी मी आज कसा घेऊ?"

 सीनियर दारात उभा होता, तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. "तुला वाटतं तू एकटीच खरी?" मॅडम म्हणाल्या. "या वॉर्डातून किती इंटर्न गेले. सगळ्यांनी भरले."

"मीही भरलेत मॅडम. एकवीस नंबरचा मीच भरला होता." आता थांबणं माझ्याही हातात नव्हतं. "आणि तुम्हाला हे माहीत आहे. माहीत नसतं तर औषध बदलायच्या आधी तुम्ही दरवेळी स्वतःच्या बॅगेतलं यंत्र काढून परत बीपी घेतला नसता. आमचा एकही आकडा तुम्ही धरत नाही. मग तो लिहायचा कुणासाठी?"

 मग मॅडमनी लॉगबुक उघडलं आणि सहीच्या जागी एकच ओळ लिहिली. तीस दिवस वाढ. लॉगबुक माझ्याकडं सरकवलं, आणि त्या दुसऱ्या फायलीत डोकं घालून बसल्या.

मी छाती पुढं काढून बाहेर आले असं सांगायला मला आवडलं असतं. डोंबल! बसस्टॉपवर हमसून हमसून रडले, इतकी की एक कांदेवाली बाई स्वतःची टोपली सोडून मला पाणी द्यायला आली. वर्ष गेलं होतं. बरोबरीचे सगळे परीक्षेला बसणार, मी नाही. बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी डबा भरत होते, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुमच्या मॅडमला म्हणावं, एक काय, दोन महिने वाढवा." त्यांचा राग माझ्यावरून उतरून योग्य पत्त्यावर पोचला होता.

तो महिना मी काढला. सकाळी तासभर आधी जायची, दुपारी डबा उभ्यानं खायची आणि चाळीस म्हणजे चाळीस दंडांना पट्टा बांधायची. नवे इंटर्न आले होते. त्यांना मी उपदेश केला नाही, मला तेवढा वेळच नव्हता. खऱ्या आकड्यांचा चार्ट दिसायला ओबडधोबड असतो. एकशे सहा-अठ्ठावन्न, एकशे चौतीस-अठ्ठ्याऐंशी, मधेच एखाद्या रकान्यात खाडाखोड, कारण बाळ रडलं म्हणून बाई हलली आणि पुन्हा घ्यावा लागला. मला त्या चार्टांचा गर्व होता. आजही आहे, का नसावा?

शेवटच्या आठवड्यात मॅडमचा राउंड आला. नऊ नंबरवर एक बाई होती, आठवा महिना सरत आलेला. मॅडमनी चार्ट उचलला. एकशे अठ्ठावन्न-एकशे चार. त्यांच्या मागं सिस्टर बॅग घेऊन उभी असायची. सवयीनं तिनं चेन उघडली आणि यंत्र बाहेर काढलं.

"हा कुणी घेतला?" मॅडमनी विचारलं.

"मी, मॅडम. दोन्ही हातांवर."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही. चार्टाकडं बघितलं. मग सिस्टरला म्हणाल्या, "ते आत ठेव." आणि बाईच्या दंडाला हातही न लावता, माझ्या आकड्यावर औषधाचा डोस वाढवून त्या दहा नंबरकडं गेल्या.