बाबनरावांच्या मॅडम

गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत बाबनराव राहतात. नाकावर माशी बसू देत नाहीत, पण मांजर मांडीवर बसली की पाय बधिर होईस्तोवर हलत नाहीत. तरुणपणी हातमागावर लुगडी विणली. पॉवरलूम आले, माग बंद पडला, मग वीस वर्षं इतवारीतल्या ठोक दुकानात गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडल्या. पण ऐट शेवटपर्यंत विणकराचीच. "डोळे मिटून तुटलेला धागा जोडतो मी!" हे लग्नात सांगणार, तेरवीत सांगणार, कोणी विचारो न विचारो.

मागच्या दिवाळीनंतर लकवा आला आणि नेमका उजवा हात लुळा पडला. धंतोलीच्या डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला, रोज शंभरदा दाबायला. म्हाताऱ्यानं तो पलंगाखाली सारला. चौकातल्या टपरीवर जाणंही बंद, कारण तिथं जो तो विचारणार, "हात कसा आहे गा?" ज्यानं जन्मभर हाताचीच फुशारकी मारली, त्यानं सांगावं तरी काय? चार महिने उंबरठा ओलांडला नाही. सून भारती ब्लाउज शिवता शिवता म्हणायची, "मामाजी, जरा उन्हात तं बसा." की हे लगेच भिंतीकडे तोंड करणार. कधी कधी तिला वाटायचं, हा माणूस आता असाच भिंतीत मुरून जाणार.

मग ती आली. करडी, हडकुळी, एक कान फाटका, आणि चाल अशी की घर तिच्याच नावावर आहे. विणकराच्या घरातून मांजराला कोणी हाकलत नाही. मागावरच्या सुताला पिठाची खळ लावायचे, त्या खळीपायी उंदीर सूत कुरतडायचे, म्हणून मांजराचा मान जुना. माग गेला, मान राहिला. बाबनरावांनी तिला 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली.

"मॅडम जेवल्या काय वं?"

"जेवल्या," भारती म्हणायची. "सून जेवली काय, थे बी इचारत जा कधी!"

मॅडमला खेळायला हवं म्हणून माळ्यावरची जुनी सुताची कांडी खाली आली. बाबनराव उजव्या हातात कांडी धरून धागा सोडायचे, मॅडम झडप घालायची, हे पुन्हा गुंडाळायचे. सुरुवातीला कांडी दहादा हातातून पडायची. पण चेंडू एकदाही न दाबणारा माणूस मांजरापायी दोन-दोन तास बोटं चालवू लागला. भारतीनं पाहिलं आणि शहाण्यासारखी गप्प बसली. "व्यायाम होऊन राहिला" म्हणाली असती, तर म्हाताऱ्यानं त्याच दिवशी कांडी फेकली असती.

एका मंगळवारी दुपारी भारती अस्तर आणायला बाहेर गेलेली आणि मॅडम कोपऱ्यात लाळ गाळत बसलेली. तोंडातून सुताचं टोक लोंबत होतं. बाबनरावांची हाक ऐकून शेजारचे मारोतराव आले. तेही जुने विणकर.

"पाहून काय राहिला गा? टोक दिसून राहिलं तं ओढ ना!"

लोंबतं टोक दिसल्यावर विणकराचा हात थांबतो होय? बाबनरावांनी ओढलं. मॅडम अशी किंचाळली की मारोतराव पार दारात जाऊन उभे राहिले. पण बोटांना ताण कळला. धागा सुटा नव्हता, आत कुठंतरी अडकला होता.

"अजून जोर लाव!" दारातून सल्ला आला.

"चूप बस गा! मांजर आहे, माग नाही!"

मॅडमला भाजीच्या थैलीत घालून, थैली दोन्ही हातांनी छातीशी धरून, बाबनराव ई-रिक्षात बसले. सहा महिन्यांनी घराबाहेर पडले ते बनियनवर.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "धागा ओढला का?"

"एकदाच," बाबनराव शाळकरी पोरासारखे म्हणाले.

"थांबलात म्हणून बरं. आणखी ओढला असता तर आतडं कापलं गेलं असतं. ऑपरेशन करावं लागेल. वाचेल की नाही, आत्ताच सांगता येत नाही."

बाकावर शेजारी वामनराव नावाचे पारडीचे गृहस्थ गाभण बकरी घेऊन बसले होते. "काय झालं गा भाऊ?" त्यांनी विचारलं, आणि बाबनरावांचा बांध फुटला. कांडी, धागा, लकवा, लुळा हात, सगळं बाहेर आलं. "माह्याच हातानं झालं," ते म्हणाले.

"आमच्या या बाईनं चप्पल खाल्ली होती, पट्ट्यासकट," वामनराव म्हणाले. "तरी ऐटीत उभी आहे, पाहा. धीर धरा."

मारोतरावांकडून कळल्यावर धापा टाकत भारती पोचली तेव्हा सासरा बकरीच्या पाठीवरून उजवा हात फिरवत गप्पा ठोकत होता.

"मामाजी! बनियनवर आले?"

"हळू बोल. मॅडम आत आहेत."

मॅडम वाचल्या. पोटाला टाके पडले आणि रोज एक अशी पाच इंजेक्शनं लिहून मिळाली. न्यायचं कोणी? बाबनरावांनीच. टपरीवरून रिक्षा जाताना लोक ओरडायचे, "मांजर कशी आहे गा?" आणि हे रिक्षा थांबवून अख्खी कहाणी सांगायचे, रोज थोडी वाढवून. हात पूर्ण बरा झाला असं कोणी समजू नका. चहाचा कप अजून डाव्याच हातात असतो. पण आता तो टपरीवरचा असतो.

पाच दिवस संपले. सहाव्या दिवशी भारती मशीनवर बसून कानोसा घेत होती. आता पुन्हा भिंत की काय? तर म्हातारा इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आला, गुंड्यांशी झगडत.

"कुठं चाल्ले मामाजी?"

"वामनरावची बकरी व्याली म्हणते. दोन पिल्लं आहेत. पाहून येतो."

"पारडीले? एवढ्या दूर, एकटे?"

"एकटा काहून? मारोत्याले घेऊन जातो. पिल्लं कशी धरा लागते, त्याले काय समजते? मी दाखवतो त्याले."