तासावरची फी

पूर्वी मी खटल्याची फी ठोक घ्यायचो. तेव्हा अशील बोलत सुटायचे आणि मी समोरच्या घड्याळाकडे बघत बसायचो. आता तासावर घेतो, तर घड्याळाकडे ते बघतात. त्यांना नीट दिसावं म्हणून मीच ते माझ्या पाठीमागच्या भिंतीवर हलवलंय. व्यवहार कसा चोख हवा!

काल घटस्फोटासाठी आलेल्या एक बाई नवऱ्याबद्दल सांगता सांगता अडखळल्या. डोळे भरून आले. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या डोक्यावरून वर गेली.

“असू दे वकीलसाहेब, कामापुरतं तेवढं लिहून घ्या,” असं म्हणून त्यांनी डोळे पुसले, भराभर सगळं सांगितलं आणि उठल्या.

दार लागलं आणि बाहेरून हुंदका ऐकू आला. जिन्यात रडायला पैसे पडत नाहीत.