लख्ख केलेला नमुना

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी माझी परीक्षा होती. चिकलठाण्याच्या कारखान्यात पितळी नळ तपासण्याच्या टेबलावर मी काही आठवडे शिकत होते. पास झाले तर नोकरी कायम. नापास झाले तर करमाडला परत, सासऱ्यांचं "म्या सांगितलं व्हतं ना" ऐकायला. मी मेले तरी मला ते ऐकायचं नव्हतं.

टेबलावर दोरीला नमुन्याचा एक नळ टांगलेला असे. त्यावर केसाएवढा ओरखडा. एवढा चालतो, याहून ठळक दिसला की माल बाद. शिकवणारे साहेब रोज घोकून घेत, "मनानं ठरवायचं नाही. नमुन्याशेजारी धरायचं, मगच बोलायचं."

चांगले-वाईट नळ मिसळलेला ट्रे त्यांनी पुढं ठेवला आणि हाताची घडी घालून उभे राहिले. मी पहिला नळ नमुन्याशेजारी धरला. बाद. दुसराही बाद. तिसराही. नमुना ट्यूबलाइटखाली वळवून पाहिला, तर त्याच्यावरचा ओरखडा दिसता दिसेना. भीतीनं माझे डोळेच गेले की काय! मन म्हणत होतं, नळ चांगले आहेत. पण मनाचं ऐकायचं नाही, हेच तर शिकवलं होतं. बाद मालाचा ढीग वाढत गेला.

"पुरे," साहेब म्हणाले. "चांगला माल फेकताय तुम्ही."

माझं डोकंच फिरलं. "नमुना तुमचा, नियम तुमचा. घ्या, तुम्हीच धरून बघा!"

त्यांनी धरला. वळवला. चष्मा पुसून पुन्हा धरला. मग मागं वळून ओरडले, "नमुन्याला हात कुणी लावला?"

पॉलिशच्या चाकावरून माझी थोरली जाऊ उठली. मला या कारखान्यात तिनंच आणलं होतं.

"म्या लावला, सायेब. खंडेनवमीला समदी हत्यारं घासली, मंग ह्योच का काळा ठिवायचा?" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "त्यात हिची परीक्षा. म्हनून चाकावर दोनदा धरला."

तिचा गळा दाबावासा वाटला, आणि रडूही आलं.

साहेबांनी कपाटातून ओरखडा शाबूत असलेला दुसरा नमुना काढला. "बसा पुन्हा."

या वेळी पास झाले. जाऊ आजही गावभर सांगते, खंडेनवमीची पूजा पावली म्हणून.