तपकिरी नाही, लाल लाव

आमच्या पॅथॉलॉजिस्ट शरयू मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये स्लाइड धूत होते. हातातलं काम पुरं केलं आणि मगच रडले. अर्धवट सोडलं असतं तर त्यांनी तिथूनही मला झापलं असतं! बडा गणपतीच्या देवळाजवळच्या शोकसभेत जो तो उठून म्हणाला, "हुशार होत्या, पण फार हट्टी." माझं डोकंच फिरलं. होत्या हट्टी. मग? अठरा वर्षं त्यांच्या हाताखाली टेक्निशियन होते, मला विचारा ना.

हातोदच्या मंडीत हम्माली करणाऱ्या एका काकांच्या पापणीखाली काळी गाठ होती. दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट होता मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा फार घातक कॅन्सर, आणि सर्जननी डोळा काढायची तारीखसुद्धा दिलेली. मॅडमनी स्लाइड मागवून पाहिली. हा मार्कर लावला की रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशीच रंग धरतात, मेलॅनोमा असेल तर गाठीच्या पेशीही. त्या लॅबने रंग तपकिरी वापरलेला, आणि काळ्या गाठीतलं रंगद्रव्य मुळातच तपकिरी! "सुषमा, यात मार्करचा रंग कुठला आणि चामडीचा कुठला, सांग बरं?" मी स्लाइड सरकवून सरकवून पाहिली, सगळंच तपकिरी. "मग? तपकिरी नाही, लाल लाव. परत."

तेवढ्यात सर्जनचा फोन. "मॅडमजी, ऑपरेशन थिएटर बुक है, आप खामखा देर कर रही हैं."

"तो कैंसिल करो भिया. निकाली हुई आँख मैं वापस नहीं लगा सकती." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्लाइड तयार झाली. लाल होत्या त्या फक्त इकडेतिकडे विखुरलेल्या साध्या रंगपेशी, गाठीच्या पेशी कोऱ्याच्या कोऱ्या. आणखी एक मार्कर लावला, त्यानेही तेच सांगितलं. मेलॅनोमा नव्हताच. बेसल सेल होता... कॅन्सरच, पण बहुतेक जागच्या जागी वाढणारा. गाठ तेवढी काढली. काकांचा डोळा राहिला.

आता मॅडमच्या खुर्चीवर नवे डॉक्टर बसतात. परवा एक काळी गाठ आली तर म्हणाले, "सुषमाजी, तपकिरीच लावा, सगळीकडे तेच चालतं." मी लाल लावला. ते भडकले. "सर, खुशाल रागवा," मी म्हटलं, "पण सही करायच्या आधी ही बघा." स्लाइड त्यांच्या मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि त्यांनी डोळा लावेपर्यंत तिथून हलले नाही.