कासाराचा होकार

अगं मानसी, मधे काही बोलू नकोस, फक्त ऐक. आपली शलाका माहितीय ना, बार्शीची? वकिलांच्या ऑफिसबाहेर बाकावर बसलीय. भर दुपार. वकील जेवायला गेलेत, आले की दाव्यावर सही करायची. रघूकाका कासार हेच माझे वडील, असं कोर्टानं जाहीर करावं, म्हणून दावा. तिला हे आईनं जाताना सांगितलं. कळल्यापासून मुदत मोजतात म्हणे, आणि ती उद्या संपते! काका होते तोवर ही दुकानात जाऊन विचारायची, ते मान खाली घालून बांगड्या भरत राहायचे. मागच्या वर्षी तेही गेले.

तर पंखा गरगरतोय, हिचे डोळे मिटतायत, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला काका! हिचा पंजा दाबून दाबून बांगडी चढवतायत.

"हात सैल सोड गं. लाकूड आहे का काय?"

"काका, उद्या मुदत संपते."

"बाप असायला मुदत लागते होय?"

"असायला नाही, सिद्ध करायला. तुम्ही बोलला असता तर कशाला आले असते इथं?"

बाक कुठला, आता हे हिच्या आईचं स्वयंपाकघर. ओट्यावर बांगड्यांचे डबे, कुकर शिट्ट्या देतोय, आई पाठमोरी. वळतच नाही.

"दिनूचं रक्त मागतील ना तपासायला?" काका विचारतात. दिनू म्हणजे त्यांचा मुलगा. "लग्न ठरलंय त्याचं. त्याच्या आईला तर यातलं काहीच ठाऊक नाही."

"आणि माझं काय? माझ्या नावापुढं अजून त्या माणसाचं नाव आहे, जो माझ्या जन्माच्या कितीतरी आधीच घर सोडून पळाला."

ओट्याच्या जागी न्यायाधीशांचं उंच टेबल, खुर्ची रिकामी, कुकर मात्र चालूच. काका शेवटची बांगडी चढवतात. ही वाकून नमस्कार करते. बांगड्या भरल्या की कासाराला करतातच ना सगळ्या बायका, तसा. पण आज काका तिच्या डोक्यावर हात ठेवतात.

"लेक आहेस माझी. झालं समाधान? आता नको करूस दावा."

"कोर्टात म्हणा की हे!"

"मेलेल्याला समन्स कोण काढणार, वेडे?"

तिला हसू येतं, हसता हसता रडू येतं, तेवढ्यात शिपाई खांदा हलवतो, "ताई, साहेब आले." जागी होते तर काय, डाव्या मनगटात हिरवी काचेची बांगडी! एकच. शपथ गं, ती बांगड्या घालतच नाही. काढायला बघते तर निघेना, इतकी बेताची. आणि फोडून वाढवायला मन होईना. तशीच आत जाते. वकील पेन पुढं करतात.

तिला ऐकायचं होतं ते तिनं ऐकलं, पण ऐकलं फक्त तिनंच. आज सही केली तरच दावा उद्या दाखल होईल, नाही केली तर पुन्हा कधीच नाही. आणि केली तर त्या दिनूच्या घरात उद्यापासून काय होईल, तूच विचार कर.

सांग ना, तू काय केलं असतंस?