शेवाळाचे केस

माझी आत्या ऐन विशीत दृष्टी गमावून बसली. मासे साफ करणं, भाकरी थापणं सगळं तिला हाताच्या अंदाजानं जमायचं. पण बारावी झाल्याशिवाय नोकरीच्या राखीव जागेसाठी अर्ज करता येत नव्हता, आणि भूगोल तिला दोनदा आडवा आला होता. तिसऱ्या वेळी बोईसरच्या केंद्रावर तिचा पेपर लिहायला मी बसले. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. मी अकरावीत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

नियम सोपा होता. ती सांगेल ते लिहायचं, मागेल तेव्हा वाचून दाखवायचं. बाकी तोंडाला कुलूप.

ध्रुवीय प्रदेशातलं शेवाळ आणि ध्रुवीय कोल्हा यांची तुलना करा, असा एक प्रश्न आला. आत्यानं सुरुवात छान केली. शेवाळ जागचं हलत नाही, कोल्हा भक्ष्यासाठी लांबवर फिरतो. मग म्हणाली, शेवाळाच्या अंगावर दाट मऊ केस असतात, म्हणून ते थंडीत तगतं. माझं पेन थांबलं. कोल्हा तिनं डोळे होते तेव्हाही पाहिला नव्हता. शेवाळ मात्र पावसाळाभर विहिरीच्या कठड्यावर रोज तिच्या हाताला लागायचं, आणि हाताला ते खरंच केसाळ लागतं.

मला राहवलं नाही. केस मी गुपचूप कोल्ह्याच्या रकान्यात टाकले आणि शेवाळाखाली लिहिलं, जमिनीलगत दाटीनं वाढतं. मनात म्हटलं, चला, आत्याचे गुण वाचले.

तेवढ्यात ती म्हणाली, वाच. खोटं वाचायची हिंमत झाली नाही. लिहिलं होतं ते वाचलं. तिचा चेहरा उतरला.

"हे मी नाय सांगितलं," ती हळूच म्हणाली. "खोड. पेपर माझा हाय."

पर्यवेक्षक बाई आमच्या बाकाशी येऊन उभ्या होत्या. ते बरोबर आहे गं, एवढंही मला म्हणता येईना. बरोबर उत्तरावर रेघ मारली आणि चुकीचं वाक्य तिच्याच शब्दांत, सुवाच्य अक्षरात लिहिलं. रडू आवरत नव्हतं. इतकी हतबल मी कधीच झाले नव्हते.

पामला, आमच्या गावी, परतताना रिक्षात मी तिला खरं काय ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

निकालाच्या दिवशी तिनं मोबाईल माझ्याच हातात दिला. "वाच," म्हणाली. "हाय तेच वाच."

भूगोल दोन गुणांनी राहिला होता. मी आहे तेच वाचलं.