काकूला दिसलेली बोट

आमच्या घरात एक गोष्ट फार वेळा सांगितली गेली आहे. माझा चुलतभाऊ बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाला तेव्हा काकूनं त्याची आगबोट मुंबईच्या हॉटेलच्या खिडकीतून डोळे भरून पाहिली, आणि ते हॉटेल मी शोधून दिलं, अशी ती गोष्ट. काकू होती तोवर ती सांगायची. आता तिची सून आणि माझी बायको मिळून सांगतात. परवा अमरावतीला काकूच्या वर्षश्राद्धाला पानं वाढून झाली आणि कुणीतरी तीच काढली. पंगत माझ्याकडे कौतुकानं पाहू लागली. मी वरणभात कालवत राहिलो.

काकूला बोट दिसली नव्हती. दिसणारच नव्हती. हे मला हॉटेल ठरवतानाच ठाऊक होतं.

आईबाप मला आठवत नाहीत. काका-काकूंनी मला वाढवलं. काका अमरावतीला वकिली करायचे. त्यांचा मुलगा माझ्याहून वर्षभरानं धाकटा. आम्ही एका ताटात जेवलो, एका गोधडीत झोपलो. काकू दोघांनाही 'बाबू'च म्हणायची. तिनं मागच्या अंगणातून "बाबू रे" अशी हाक मारली की दोघंही उठायचो आणि दारात ढकलाढकल व्हायची. पुढं मला कळायला लागलं की त्या हाकेचे सूर दोन आहेत. एका सुरात काम असायचं, दुसऱ्यात नुसती हाक असायची. कामाची हाक माझी.

काकूवर अन्याय करायचा नाही. तिनं मला कधी कमी वाढलं नाही, वेगळं लेववलं नाही. काकांनी मला बी.ए. केलं, अकोल्याच्या शाळेत मास्तरची जागा मिळाली तेव्हा पेढे वाटले. म्हणजे तक्रार करायला मला जागाच नव्हती. तक्रारीला जागा असती तर मी बोलून मोकळा झालो असतो. नुसता हेवा कुणापुढं मांडणार?

काकूची एक रीत होती. घरातलं माणूस वाटेला लागलं की ते दिसेनासं होईस्तोवर पाठ फिरवायची नाही. खाली बसायचं नाही, केर काढायचा नाही, दार लोटायचं नाही. माणूस नजरेआड होईपर्यंत नजर त्याच्या पाठीवर राहिली की ते सुखरूप परत येतं, असं ती म्हणायची. काका कोर्टाच्या कामानं तिवशाला निघाले तरी ती फाटकात उभी राहायची. टांगा वळणावरच्या कडुनिंबापाशी वळला की आत यायची.

मी नोकरीसाठी अकोल्याला निघालो त्या दिवशीही ती फाटकात उभी होती. मी टांग्यात मागं तोंड करून बसलो होतो. कडुनिंब यायच्या आधीच आतून कुणीतरी ओरडलं, "काकूऽ, दूध उतू चाललं!" आणि ती वळून आत पळाली. टांगा पुढं गेला. फाटक रिकामं दिसत होतं.

एवढंच. दूध कुणाच्याही घरी उतू जातं. पण अकोल्याच्या खोलीत उन्हाळ्याच्या दुपारी अंगावर ओलं फडकं घेऊन पडलो असताना मला ते फाटक दिसायचं, आणि मनात यायचं, तो जात असता तर तिनं दूध जाऊ दिलं असतं.

मग त्याचं जायचं ठरलं. विलायतेला!

मी अमरावतीला गेलो तेव्हा घरात शिंपी बसवला होता. माझ्या भावाच्या अंगावर अर्धवट कोट, खांद्यावर खडूच्या रेघा, आणि काकू हातात सुपारीचं खांड घेऊन नुसती त्याच्याकडे बघत होती. मला पाहून तो म्हणाला, "ये मास्तर! पाह्य, कसा दिसून राह्यलो?"

"बँडवाल्यासारखा," मी म्हणालो.

तो खदखदून हसला. त्याला माझं काहीच लागायचं नाही. हाही एक राग होता माझा.

बोट दिवाळीनंतर होती, पण जोशीबुवांनी काढलेला मुहूर्त चार-पाच दिवस आधीचा निघाला. त्या मुहूर्तावर घराचा उंबरा ओलांडायचा, आणि एकदा ओलांडला की पुन्हा घरात पाय टाकायचा नाही. म्हणजे मधले दिवस मुंबईत काढायचे. मुंबईत आमचं कुणी नव्हतं. हॉटेलात उतरणं आलं.

काकूचे पाय तेव्हा सुजायला लागले होते. ती म्हणाली, "मी मुंबईले येईन. पण बंदरावर नाई येत."

"कावून वो?" काका म्हणाले. "एवढ्या दूर येशीन अन् बंदरावर नाई?"

"मी तिथं रडीन. निघताना डोळ्यांत पाणी नाई पाह्यजे त्याच्यापुढं. मले खिडकीतून दिसला म्हंजे झालं. दिसेनासा होईस्तोवर पाहीन अन् मंग काय रडायचं ते रडीन."

काका माझ्याकडे वळले. लग्नकार्याच्या निमित्तानं मी दोनदा मुंबई पाहिली होती. घरात तेवढा मीच जाणकार. "तू पुढं जा," ते म्हणाले. "हॉटेल पाह्य. समुद्रासमोरचं पाह्यजे. काकूले खिडकीतून बोट दिसली पाह्यजे, बाकी काई का असेना."

"अन् सोवळ्याचं पाणी," काकू म्हणाली. मग माझा हात धरून, हळू, "बाबू, तुह्यावर आहे रे सगळं."

सूर कामाचाच होता.

आता एक सांगायला हवं. आम्ही वऱ्हाडातली माणसं. आमच्याकडे पाणी म्हणजे नदी, आणि नदी म्हणजे अलीकडचा काठ, पलीकडचा काठ. माझ्याशिवाय घरातल्या कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. समुद्रासमोर बसलं की समुद्रावरची बोट दिसणार, याबद्दल कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. मुंबईला दोन बाजूंनी पाणी आहे, एका बाजूला वाळू आणि मावळता सूर्य, तर दुसऱ्या बाजूला बंदर, आणि विलायतेच्या बोटी त्या दुसऱ्या बाजूनं सुटतात, हे तिथं जाऊन आलेल्यालाच कळणार. म्हणजे मला.

मी आधी बंदराच्या बाजूला गेलो. खरंच गेलो, तोवर माझ्या मनात काही नव्हतं. तिथं एका कोकणस्थ विधवा बाईंचं उतरण्याचं घर होतं. वरच्या मजल्यावर कोपऱ्याची खोली, स्वयंपाकाला वेगळी शेगडी, पाण्याला वेगळी घागर. खिडकी उघडली की खाली धक्का, माल उचलणाऱ्या याऱ्या, भोंगे, आणि समोर उभी असलेली पांढरी आगबोट, हात लांब केला तर हाताला लागेल अशी.

"कुठले तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"अमरावतीचा. मले खोली पाहायची होती," मी गडबडीत बोलून गेलो.

"मले!" बाई तोंडाला पदर लावून हसल्या. "वऱ्हाडातले होय! बसा हो. कोण जायचंय, तुम्ही?"

"नाही. भाऊ. पोचवायला काकू येईल."

"मग काकूंना हीच खोली घ्या. मागच्या महिन्यात एक बाई उतरल्या होत्या, त्यांना मुलाच्या हातातला रुमालसुद्धा दिसला इथून. बोट पार वळेपर्यंत उभ्या होत्या बिचाऱ्या."

रुमाल. मी खिडकीत उभा राहिलो आणि मला सगळं दिसलं: काकू इथं उभी आहे, तो तिथं कठड्याशी, रुमाल हलतो आहे, आणि आत कितीही दूध उतू गेलं तरी काकू मान वळवत नाही. बाईंनी विचारलं, "आई का त्यांच्या?" तेव्हा मी 'हो' म्हणालो. 'आमच्या' म्हणायला हवं होतं.

"कळवतो," म्हणून मी जिना उतरलो, ट्राममध्ये बसलो आणि चौपाटीला गेलो.

तिथलं हॉटेल चांगलंच होतं. पायरीपर्यंत वाळू यायची. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, खोलीला मोठी खिडकी, खिडकीत समुद्रच समुद्र. मॅनेजर हात पसरून म्हणाला, "सामने दर्या, साहेब. बीच में कुछ नहीं." खरंच, मध्ये काही नव्हतं. वेगळं पाणी भरून द्यायलाही तो कबूल झाला. मी खोली ठरवून काकांना तार केली. समुद्रासमोरचं मिळालं, असं त्यात होतं. एक अक्षर खोटं नव्हतं. वकिलाच्या घरात वाढल्यावर तेवढं येतंच.

ते दिवस फार छान गेले, हे लिहायला मला लाज वाटते. काकूनं पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि व्हरांड्यातच थबकली. "बाप्पा! याले पलीकडचा काठच नाई?" मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. "काय जागा हुडकली रे बाबू!" हा दुसरा सूर होता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो सूर, आणि तो कशासाठी मिळाला ते एकट्या मलाच माहीत होतं. माझा भाऊ दिवसभर फोर्टातल्या बोट-कंपनीच्या पेढीवर आणि बाजारात सामानापायी धावत होता. काकू व्हरांड्यात माझ्याजवळ बसायची. एका अशिलानं शेंदूरजनाघाटाहून धाडलेली संत्र्यांची पेटी आम्ही बरोबर आणली होती. मी सोलायचो, ती खायची. तेवढे दिवस ती माझी होती.

जायच्या दिवशी सकाळी तो काकूच्या पाया पडला. "आई, वर पाहून हात हलवीन बरं," म्हणाला. माझ्या गळ्यात पडला. "मास्तर, आईले सांभाळ गड्या." मग तो आणि काका व्हिक्टोरियात बसून गेले. काकूच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

ती खिडकीत उभी राहिली.

मी असा विचार केला होता की तासभर वाट पाहील, बोट दिसणार नाही, हळहळेल आणि बसेल. तिला हळहळ वाटावी एवढंच मला हवं होतं. माझ्या वाट्याला रिकामं फाटक आलं, तिच्या वाट्याला रिकामं पाणी. तिची रीत मी हिशेबात धरली नव्हती. जे दिसलंच नाही ते दिसेनासं कसं होणार? आणि दिसेनासं झाल्याशिवाय ती पाठ फिरवणार कशी?

दुपार झाली. होड्या आल्या, गेल्या. "हीच का रे?" ती दर शिडाला विचारायची.

"नाही काकू. ही कोळ्यांची."

"उशीर कावून होऊन राह्यला?"

"मोठी बोट आहे. वेळ लागतो."

मी खुर्ची सरकवली. "बस थोडी."

"बसली अन् तेवढ्यात गेला तं?"

मी संत्रं सोलून पुढं केलं. तिनं पाहिलंही नाही. पाय फुगून जोडव्यांच्या कडा मांसात रुतल्या होत्या. एक पाय उचलून दुसऱ्यावर टेकवायची, पुन्हा खाली ठेवायची. सूर्य समोर उतरला, पाणी डोळ्यांत खुपायला लागलं, तरी कपाळावर आडवा हात धरून ती बघत होती. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही मला दया आली ती मागाहून; आधी आला तो हेवाच. जो तिथं नव्हता त्याच्यासाठी ती एवढी उभी होती.

मग फार लांब, पाण्याच्या कडेला, धुराची एक रेघ दिसली. कुठल्या बोटीची होती देव जाणे.

"ती पाह्य काकू," मी म्हणालो. "तीच."

"कुठं? कुठं रे?"

मी तिच्या मागं उभं राहून तिचा हात धरला आणि तिचं बोट त्या धुराकडे नेलं. ती बघत राहिली. पदराचं टोक वर करून हलवलं. "हात हलवून राह्यला असंन नं तो?"

"असेल."

"दिसत नाई. पण असंन." धूर पातळ झाला, मग उरला नाही. तिनं हात जोडले, वळली, आणि जमिनीवर बसून मोठ्यानं रडली. मी तिचे पाय दाबत बसलो. ते दगडासारखे झाले होते.

काका दिवेलागणीला आले. काकूनं त्यांना बोलूच दिलं नाही. "पाह्यला हो मी! पार जाईस्तोवर पाह्यला. यानं दाखवला." काका धक्क्यावरच्या गर्दीनं आणि रडण्यानं थकले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन समुद्र त्यांच्याही लक्षात आले नाहीत.

अमरावतीला परतल्यावर ती गोष्ट आळीभर झाली. हळदीकुंकवाला, बारशाला, काकू सांगायची: माह्या मोठ्या बाबूनं असं हॉटेल हुडकलं. प्रत्येक वेळी धूर जरा जवळ यायचा. पुढं त्यात बोट आली, नंतर कठडा आला. मी अकोल्याहून जाणं कमी केलं. लोक म्हणायचे, शाळेचं काम वाढलं असेल.

तो बॅरिस्टर होऊन परत आला. घर माणसांनी भरलं होतं. काकूनं त्याला समोर बसवून तीच गोष्ट त्यालाच सांगितली. चौपाटी, वाळू, मावळतीचं ऊन. मी दारात उभा होतो. ज्यानं त्या बंदरातून बोट पकडली, त्याच बंदरात परत उतरला, त्याला हे कळायला कितीसा वेळ लागणार? 'मावळतीचं ऊन' ऐकलं तसं त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मी खाली पाहिलं नाही. पाहता आलंच नाही.

"तू हात हलवून राह्यला होता नं रे?" काकूनं विचारलं.

"हो मंग," तो म्हणाला. "मी तं तुले पाह्यलंही आई. खिडकीत उभी होती. तुह्यामागं हा होता."

काकूचा चेहरा असा उजळला की तसा मी तो माझ्यासाठी कधी पाहिला नाही.

तो पुढं याबद्दल माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आजवर नाही. परवाही पंगतीत माझ्या शेजारीच बसला होता. गोष्ट निघाली तेव्हा माझ्या पानात स्वतःच्या हातानं तूप वाढलं. धुराचं खोटं मी सांगितलं ते स्वतःला वाचवायला. त्याला वाचवायचं असं काही नव्हतं, तरी तो बोलला, आणि त्यात मलाही खिडकीत उभं करून घेतलं. लहानपणापासून त्याच्यापाशी होतं ते ते मला हवं होतं. 'तुले पाह्यलंही आई' हे त्याचं एक वाक्य मला अजून हवं आहे.